परिहासपूर बघायला जाताय? मग आधी नदी समजून घ्या

श्रीनगरहून गुलमर्गला जाताना नारबल नावाचा फाटा लागतो. सगळ्या टुरिस्ट गाड्या तिथे डावीकडे वळतात, मग मगाम, टंगमर्ग, गोंडोला, बर्फ, फोटो आणि संध्याकाळी परत हॉटेल. पण तिथे न वळता बारामुल्ला रोडने सरळ पुढे गेलं तर काही किलोमीटरमध्ये उजव्या हाताला सपाट माथ्याची मातीची पठारं दिसायला लागतात, आणि त्यातल्याच एका पठारावर आठव्या शतकातली काश्मीरची राजधानी पडलेली आहे. परिहासपूर. आसपासच्या गावांतले लोक त्याला कानि शहर म्हणतात, कानि म्हणजे काश्मिरीत दगड. श्रीनगरपासून गाडीने तासाभराचंही अंतर नाही, आणि तरी आपल्याकडून दरवर्षी काश्मीरला जाणाऱ्या एवढ्या ग्रुप्सपैकी तिथे पोचणारे अगदी मोजके.

पोचलेलेही बरेचदा नाराज होऊन परततात, आणि त्यांचं चूक नाही. मार्तंडच्या सूर्यमंदिरात निदान उंच कमानी उभ्या आहेत, खांबांच्या रांगा आहेत, कॅमेरा लावला की फोटो आपोआप चांगला येतो. इथे तसं काही नाही. गवत, कुंपण, तीन-चार मोठे चौथरे आणि घरातल्या कपाटाएवढे दगड इकडेतिकडे पडलेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्ध्या तासात बाहेर पडले होते. नंतर कल्हणाची राजतरंगिणी, म्हणजे काश्मीरच्या राजांचा संस्कृत काव्यातला इतिहास, नीट वाचली, तिच्यावर ऑरेल स्टाइन या संशोधकाने केलेलं काम वाचलं आणि परत गेले, आणि त्या वेळी पहिली गोष्ट ही केली की दगडांकडे पाठ करून पठाराच्या कडेला उभी राहिले आणि खाली बघितलं. या जागेचं उत्तर वर नाही, खाली आहे. नदी तिथे होती आणि आता नाही.

म्हणून हा लेख. राजधानी उभी कशी राहते आणि मरते कशी हे समजलं तर ते दगड बोलायला लागतात, नाहीतर ते नुसते दगड.

आधी माणूस. ललितादित्य मुक्तापीड, कार्कोट घराण्यातला राजा, काळ साधारण इ.स. ७२४ ते ७६०. काश्मीरच्या इतिहासातला सगळ्यात ताकदवान राजा म्हटलं तरी चालेल. त्याच्याबद्दल आपल्याला बहुतेक सगळं कल्हण सांगतो, पण कल्हणाने राजतरंगिणी लिहिली ११४८ ते ११५० च्या दरम्यान, म्हणजे राजा जाऊन जवळजवळ चारशे वर्षं झाल्यावर. हे लक्षात ठेवायला हवं, कारण कल्हण सांगतो की ललितादित्याने दिग्विजय केला, कनौजच्या यशोवर्म्याला हरवलं, मग कर्नाटक, कावेरी, आणि तिथून तो सप्तकोकणापर्यंत आला. सप्तकोकण! आपलं नाव दिसल्यावर आनंद होतोच, मलाही झाला, पण काश्मीरचं सैन्य सुपारीच्या बागांपर्यंत आलं होतं याला दुसरा पुरावा नाही आणि बहुतेक इतिहासकार हा भाग कवीने केलेला विस्तार मानतात. राजाच्या स्तुतीत चारही दिशा जिंकून दाखवायची जुनी पद्धतच होती. यशोवर्म्याशी झालेलं युद्ध मात्र खरं धरतात. आणि हा राजा काल्पनिक नाही याचा सगळ्यात भक्कम पुरावा चिनी आहे, तांग घराण्याच्या नोंदींमध्ये मु-तो-पि नावाच्या काश्मीरच्या राजाने दूत पाठवल्याचं लिहिलंय, मु-तो-पि म्हणजे मुक्तापीड. तिबेटच्या विरुद्ध चिनी सैन्य आलं तर त्याची छावणी महापद्म सरोवराच्या काठी ठेवू असा निरोप त्या दूताबरोबर होता. महापद्म म्हणजे आजचं वुलर.

तर असा राजा, आणि त्याची राजधानी आधीपासून होतीच की, प्रवरपूर, सहाव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेलं, म्हणजे आजचं श्रीनगर. मग नवी कशाला? एक तर काश्मीरच्या राजांना स्वतःच्या नावाचं नाहीतर स्वतःच्या हौसेचं नवं शहर वसवायची सवयच होती. ललितादित्याच्या नातवाने जयापीडाने जयपूर वसवलं (आजचं अंदरकोट), अवंतिवर्म्याने अवंतिपूर, शंकरवर्म्याने शंकरपूर. राजा बदलला की राजधानी बदलली. आणि यातली जवळजवळ सगळी आज खेडी नाहीतर तालुक्याची गावं आहेत, मोठं शहर म्हणून टिकलं ते एकटं प्रवरपूर. हा मुद्दा मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

परिहासपूर या नावाचं सांगायचं तर, परिहास म्हणजे थट्टा, हसणं, आपल्या मराठीतही तोच अर्थ. कल्हण म्हणतो की इंद्राच्या नगरीला हसणारं असं हे शहर होतं. म्हणजे इतकं सुंदर की स्वर्गाने लाजावं.

आता जागा. काश्मीरच्या खोऱ्यात मधूनमधून जी सपाट माथ्याची मातीची पठारं दिसतात त्यांना करेवा म्हणतात, काश्मिरीत उडर. लाखो वर्षांपूर्वी हे सगळं खोरं म्हणजे एक प्रचंड तळं होतं, त्याच्या तळाशी गाळ साचत गेला, पुढे पीर पंजाल वर उचलला गेला, पाण्याला बारामुल्लाच्या बाजूने वाट सापडली, तळं रिकामं झालं आणि गाळ राहिला. त्या गाळातून नद्यांनी वाटा कोरल्या आणि न कोरलेला भाग पठारासारखा वर राहिला. पांपोरचं केशर उगवतं तेही अशाच करेवावर. करेवाचा गुण असा की पुराचं पाणी वर पोचत नाही. आणि करेवाचा दोष असा की पाणी वर पोचत नाही. एकच गोष्ट, पण शहर वसवताना दोन्ही बाजूंनी मोजावी लागते.

ललितादित्याने गुण बघितला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये श्रीनगर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, तसे पूर तेव्हाही यायचे, आणि उतारच इतका कमी आहे की खोऱ्यात आलेलं पाणी लवकर निघून जात नाही. मग देवळं, विहार, महाल वर करेवावर बांधायचे हे शहाणपणाचंच होतं. दोषाचं काय? त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं, आणि ते उत्तर म्हणजे खालची नदी. तेव्हा वितस्ता, म्हणजे झेलम, या पठाराच्या पायथ्याला लागून वाहत होती आणि सिंधू तिला इथेच जवळ त्रिगामीपाशी मिळत होती. (ही सिंधू म्हणजे पाकिस्तानात जाणारी मोठी सिंधू नदी नव्हे, सोनमर्गकडून येणारी काश्मीरमधली सिंध, इथे खूप जणांचा गोंधळ होतो.) म्हणजे वर पुरापासून सुरक्षित शहर आणि खाली दोन नद्यांचा संगम. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम आठवा आणि त्याच्या बाजूला एक उंच सपाट टेकाड आहे असं समजा, साधारण तसं चित्र.

नदी एवढी महत्त्वाची का, पाणी तर विहिरीचंही चाललं असतं, असं वाटेल. पण प्रश्न फक्त प्यायच्या पाण्याचा नव्हता. काश्मीरच्या खोऱ्यात गाडीरस्ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले, तोपर्यंत भात, लाकूड, दगड, माणसं, सैन्य सगळं होडीने हलायचं. झेलम हाच तिथला हायवे आणि हांजी, म्हणजे नावाडी, हे तिथले ट्रकवाले. राजधानीत हजारो लोक खाणार, ते धान्य कुठून येणार, तर होडीतून येणार आणि पठाराच्या पायथ्याला घाटावर उतरणार. आता आपल्याकडचं एक गाव डोळ्यासमोर आणा ज्याच्या मधून हायवे जायचा, एसटी थांबायची, चहाच्या टपऱ्या, भेळवाले, लॉज, सगळं जोरात, आणि मग बायपास झाला. कोणी गाव पाडलं नाही, कोणी हल्ला केला नाही, पण पाच वर्षांत टपऱ्या बंद. परिहासपूरचा बायपास झाला, नदीचा.

तो कोणी केला ही गोष्ट काश्मीरच्या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, कारण तिचा हिरो राजा नाही, इंजिनिअर आहे. ललितादित्यानंतर साधारण शंभर वर्षांनी, अवंतिवर्म्याच्या राज्यात (इ.स. ८५५ ते ८८३), खोऱ्यात पुरामुळे एवढी शेती बुडाली होती की दुष्काळात एक खारी भाताला १०५० दीनार पडायला लागले. खारी म्हणजे गाढवावर लादता येईल एवढं ओझं, ऐंशी किलोच्या आसपास, हेच माप नंतर खरवार नावाने काश्मीरमध्ये चालत राहिलं. तेव्हा सुय्य नावाचा माणूस पुढे आला. कल्हण सांगतो की सुय्या नावाच्या एका चांडाळ स्त्रीला तो रस्त्यावर मडक्यात टाकलेला सापडला, तिने वाढवला आणि म्हणून त्याचं नाव सुय्य. हा माणूस म्हणायचा, माझ्याकडे अक्कल आहे, पण साधनं नाहीत, मी काय करणार. लोक त्याला वेडा समजायचे. राजाने त्याला खजिना उघडून दिला.

सुय्याने काय केलं, नाण्यांची मडकी होडीत घातली आणि बारामुल्लाच्या बाजूला जिथे डोंगरातून गडगडलेल्या दगडांनी नदी तुंबली होती तिथे जाऊन ओंजळी भरभरून नाणी पाण्यात टाकली. उपाशी लोकांनी नाण्यांसाठी पाण्यात उतरून तिथले दगड उपसून काढले. मग त्याने दगडी बांध घालून नदी सात दिवस अडवली, तळ साफ करून घेतला, पुन्हा दगड घसरून येऊ नयेत म्हणून काठाला भिंती बांधल्या आणि बांध फोडला. तुंबलेलं पाणी सुटलं आणि बुडालेली जमीन वर आली. पुढे त्याने गावोगावची माती आणून ती भिजवली आणि सुकायला किती वेळ लागतो ते बघून कोणत्या गावाला किती दिवसांनी पाणी द्यायचं ते ठरवलं, हे वाचताना मला आपल्याकडचे पाटबंधाऱ्याचे पाळीपत्रक आठवले. भाताचा भाव, जो चांगल्या पिकाच्या वर्षीही २०० दीनार असायचा, तो ३६ वर आला. सोपोर हे सफरचंदांचं गाव ऐकलं असेल, ते मुळात सुय्यपूर, याच माणसाच्या नावाचं.

आणि याच कामात त्याने संगम हलवला. वितस्ता पठाराच्या बाजूने वळसा घालून जायची, तिला त्याने नवीन पात्र काढून दिलं, त्यामुळे सिंध आणि वितस्ता आता त्रिगामीपाशी न भेटता शादीपूरला भेटायला लागल्या, आणि आजही तिथेच भेटतात. नदीला सोपा मार्ग मिळाला, वुलरकडची दलदल कमी झाली, नवीन गावं वसली. खोऱ्याचं भलं झालं यात शंकाच नाही. फक्त परिहासपूरच्या पायथ्याचा घाट कोरडा पडला.

एवढी मोठी नदी हलवली हे आपल्याला कळलं कसं? कल्हणाने लिहून ठेवलं होतं, पण वाचणाऱ्यांना जुनी जागा कुठली ते लागत नव्हतं. १८९२ मध्ये ऑरेल स्टाइन हातात राजतरंगिणी घेऊन या पठारांवर फिरला, गावांची नावं ऐकली, दिवर, त्रिगाम, गुरदन उडर, आणि जुनी संस्कृत नावं त्यांच्यात ओळखली. परिहासपूरचं पठार आणि त्रिगाम यांच्या मधून बद्रिहेल नावाचा नाला जातो, तेच वितस्तेचं जुनं पात्र हे त्याने दाखवून दिलं. हे काम किती बारीक आहे बघा, साडेसातशे वर्षांपूर्वीच्या कवितेतली एक ओळ आणि समोरचा एक नाला, दोन्ही एकमेकांना लावून बघणं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळा दोष नदीच्या माथी मारता येत नाही. नदी हलायच्या कितीतरी आधी राजाच्या घरातूनच शहराला पहिला धक्का बसला होता. ललितादित्याच्या मुलाने, वज्रादित्याने, बापाने परिहासपूरच्या देवस्थानांना लावून दिलेली उत्पन्नं काढून घेतली. राजधानी म्हणजे उत्पन्न, पुजारी, भिक्षू, शिपाई, स्वयंपाकी, माळी, त्या सगळ्यांचा पगार कुठूनतरी यायचा असतो, तो बंद झाला की इमारत उभी राहते पण आत दिवा लागत नाही. तरी विहारात वस्ती होतीच, त्याचा पुरावा खोदकामात सापडला, तो पुढे सांगते. मग नदी गेली. आणि मग तिसरा घाव, अवंतिवर्म्याचाच मुलगा शंकरवर्मा (८८३ ते ९०२), त्याला स्वतःचं शंकरपूर बांधायचं होतं, आजचं पट्टण, आणि कल्हण स्पष्ट लिहितो की परिहासपुरात जे काही चांगलं होतं ते त्याने तिकडे उचलून नेलं. तयार घडवलेला दगड सात-आठ किलोमीटरवर फुकट पडलेला असताना खाणीतून नवा कोण काढणार. पट्टणच्या मुख्य रस्त्यालगत दोन जुनी देवळं उभी आहेत, शंकरगौरीश आणि सुगंधेश, ती बघताना मला उगाच वाटत राहतं की यातला एखादा दगड तरी आधी पठारावर होता.

नंतर हर्षराजा, इ.स. १०८९ ते ११०१. हा काश्मीरचाच हिंदू राजा, पण पैशांसाठी याने देवळांतल्या धातूच्या मूर्ती काढून वितळवायचा सपाटा लावला. परिहासकेशवाची, म्हणजे इथल्या विष्णूची, चांदीची मूर्ती त्याने फोडून नेली. उच्चल त्याच्याविरुद्ध उठला तेव्हा तो याच पठारावर येऊन राहिला होता, आणि तो राजविहारात, म्हणजे इथल्या भिक्षूंच्या मठात, लपलाय असं समजून राजविहार जाळला गेला. उच्चल वाचला, पुढे राजा झाला आणि त्याने परिहासकेशवाची नवीन मूर्ती बसवली. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकात सुलतान सिकंदरच्या काळात देवळांचा विध्वंस झाला, त्यात परिहासपूरही होतं असं नंतरचे लेखक सांगतात. आणि शेवटचा घाव तर अगदी अलीकडचा. स्टाइन १८९६ मध्ये परत आला तेव्हा श्रीनगर-बारामुल्ला टांग्याच्या रस्त्यासाठी ठेकेदार इथले दगड नेत होते, त्याने तक्रार केली आणि ते थांबलं.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे परिहासपूर कोणी तोडलं हा प्रश्न विचारला की लोकांना एकच नाव हवं असतं, एका ओळीत संपणारं. इथे तसं होत नाही. मुलगा, इंजिनिअर, शेजारी नवं शहर बांधणारा राजा, मूर्ती वितळवणारा राजा, सुलतान, रस्त्याचा ठेकेदार, असे साडेअकराशे वर्षांतले हात लागलेत, आणि यातला एक हात तर हजारो लोकांच्या पोटात भात घालणारा होता.

आता प्रत्यक्ष काय बघायचं ते. पहिलं म्हणजे चंकुणाचा स्तूप. चंकुण हा ललितादित्याचा मंत्री, तुखार देशातला, म्हणजे मध्य आशियाकडचा, बौद्ध. चंकुण हे नावच बहुधा चिनी च्यांग-च्युन वरून आलंय, त्याचा अर्थ सेनापती. म्हणजे आठव्या शतकात काश्मीरच्या विष्णुभक्त राजाचा मंत्री एक परदेशी बौद्ध होता आणि दोघांच्या इमारती एकाच पठारावर शेजारी शेजारी होत्या. स्तूपाचा चौथरा चौरस आहे, एका बाजूची लांबी साधारण १२८ फूट, चारही बाजूंना पायऱ्या. पायऱ्यांच्या बगलेला बसलेल्या यक्षांच्या आकृती बघा, इमारतीचा भार अंगावर घेतल्यासारख्या. चौथऱ्यावर चढलात की मधोमध एक अजस्र गोल दगड दिसेल, त्याच्या मध्यभागी पाच फूट खोल भोक आहे. बघणाऱ्याला ते भलंमोठं उखळ वाटतं. ते होतं स्तूपाच्या माथ्यावरच्या छत्राच्या दांड्यासाठी. आता उलटा हिशोब करा, नुसता दांडा रोवायला पाच फूट खोल खाच लागत असेल तर छत्र केवढं असेल आणि खालचा स्तूप केवढा. मी त्या भोकाच्या काठावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले होते.

दुसरा राजविहार, भिक्षूंचा मठ. मधे फरशीचं अंगण आणि चारही बाजूंनी मिळून २६ खोल्या. भिंतींचा फक्त खालचा भाग उरलाय त्यामुळे एखाद्या घराचा प्लॅन जमिनीवर काढल्यासारखं दिसतं, आणि त्याचा फायदा असा की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आपण चालत जाऊ शकतो, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना हे फार आवडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दयाराम साहनींनी इथे खोदकाम केलं, त्यात एका खोलीत एक छोटी मातीची सुरई मिळाली आणि तिच्यात ४४ चांदीची नाणी, विनयादित्य, विग्रह आणि दुर्लभ या राजांच्या नावांची. मघाशी म्हटला तो पुरावा हाच. विनयादित्य म्हणजे जयापीड, ललितादित्याचा नातू. म्हणजे राजाने पाठ फिरवल्यावरही कोणीतरी त्या खोलीत राहत होतं, थोडे पैसे जमवत होतं, ते सुरईत लपवून ठेवत होतं, आणि ते काढायला परत आलं नाही.

तिसरं चैत्य, म्हणजे बौद्धांचं पूजास्थान. इथे गाभाऱ्याची जमीन म्हणून एकच अखंड दगड बसवलाय, १४ फूट लांब, साडेबारा फूट रुंद आणि पाच फुटांहून जास्त जाड. आपल्या शहरातल्या एका बेडरूमपेक्षा मोठा एकच दगड, आणि तो होडीतून आणून पठारावर चढवलेला. राजतरंगिणीत इथल्या आकाशाला भिडणाऱ्या तांब्याच्या बुद्धमूर्तीचं वर्णन आहे, ८४,००० प्रस्थ तांबं वापरलेलं. मुक्तकेशवाच्या मूर्तीला ८४,००० तोळे सोनं आणि परिहासकेशवाला ८४,००० पल चांदी, सगळीकडे तोच आकडा, आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणतात ना, तसाच हा आकडा 'अफाट' या अर्थाने घ्यायचा. बुद्धमूर्ती मात्र खरंच होती, आणि हर्षाच्या तावडीतूनही वाचली, कारण परिहासपुरातच जन्मलेल्या कनक नावाच्या गायकाने राजाकडे तिच्यासाठी शब्द टाकला. हा कनक बहुधा कल्हणाचा काका. म्हणजे कल्हण परिहासपुराबद्दल एवढं जिव्हाळ्याने लिहितो ते का, त्याचं उत्तर इथे असावं, त्याच्या घरच्यांचं गाव होतं ते.

विष्णूच्या देवळांचे नुसते ढिगारे आहेत, पण तिथे उभं राहून एक गोष्ट आठवावी. ललितादित्याने गौडच्या, म्हणजे बंगालच्या राजाला परिहासकेशवाची शपथ घेऊन अभय दिलं आणि तरी त्याला त्रिगामीला मारवलं. ही बातमी कळल्यावर त्या राजाचे काही सेवक बंगालमधून चालत काश्मीरला आले, शारदेच्या दर्शनाला जातोय असं सांगून, आणि शपथेला साक्षी राहिलेल्या त्या देवाचीच मूर्ती फोडायला परिहासपुरावर चालून गेले. पुजाऱ्यांनी दारं बंद केली, त्यांना शेजारच्या रामस्वामीची मूर्ती परिहासकेशवच वाटली, त्यांनी तिचे तुकडे केले, आणि मागून आलेल्या सैनिकांनी एकेकाला कापलं. कल्हण काश्मिरी, मूर्ती काश्मीरची, पण तो बाजू घेतो त्या परक्या सेवकांची, मेलेल्या मालकासाठी एवढ्या लांब येणाऱ्या माणसांची. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या राजाची चूक अशी उघड लिहायला केवढं धैर्य लागतं.

अजून एक, याच राजाची. एकदा परिहासपुरात दारूच्या नशेत त्याने हुकूम सोडला की प्रवरपूर जाळा, माझ्या शहरापेक्षा ते सुंदर दिसतं. मंत्र्यांनी घोड्यांच्या चाऱ्याच्या गंजी पेटवल्या आणि लांबून ज्वाळा दाखवल्या. सकाळी शुद्ध आल्यावर राजा रडायला लागला, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं आणि राजाने त्यांना शाबासकी दिली. ज्या शहराला जाळायचं होतं ते आज लाखो लोकांचं श्रीनगर आहे, नदीवर बसलेलं, दर काही वर्षांनी पुरात बुडणारं आणि तरी टिकलेलं.

जायचं असेल तर काही साध्या गोष्टी. एप्रिल ते जून नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, पठारावर सावली नाही त्यामुळे टोपी आणि पाणी बरोबर घ्या, बूट घाला. जागा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, दगडांवर चढून उड्या मारू नका. ड्रायव्हरला परिहासपुरा सांगा, नाही कळलं तर दिवर गाव सांगा. फक्त परिहासपूर करून परत येऊ नका, पट्टणची देवळं त्याच रस्त्यावर आहेत, आणि श्रीनगरच्या एसपीएस (श्री प्रताप सिंह) म्युझियममध्ये स्तूपापाशी सापडलेल्या बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत, त्या बघितल्याशिवाय स्तूप अर्धा. एक काळजीची गोष्टही डोळ्यांना दिसेल, काश्मीरभर करेवाची माती भरावासाठी जेसीबीने कापून नेतायत, पठारंच्या पठारं खचतायत. ती माती पुन्हा साचायला पुन्हा एक तळं आणि लाखो वर्षं लागतील, त्यामुळे ते बघून मला फार वाईट वाटतं.

आणि शेवटी वेळ काढून शादीपूरला जा, नवीन संगम बघायला. नवीन म्हणजे अकराशे वर्षं जुना. पाण्याच्या मधोमध दगडी बांधणीचं एक छोटंसं बेट आहे, त्यावर चिनार, काश्मिरी पंडित त्याला प्रयाग म्हणतात आणि अस्थी इथे आणतात. तिथे उभं राहिलात की पठाराच्या दिशेला बघा आणि कल्हणाची एक ओळ आठवा, त्याने लिहिलंय की जुन्या पात्राच्या काठावर त्याच्या काळातही जुनाट झाडं उभी होती, आणि निषादांनी, म्हणजे नावाड्यांनी, त्यांना होड्या बांधल्या होत्या त्या दोरांचे वळ त्यांच्या खोडांवर तेव्हाही दिसत होते. पाणी जाऊन तोपर्यंत अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती.